आजीच्या खाजनावरची कविता

दिवाडकर: आजीवर कविता लिहितोय. ती गोव्यात खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, भाताची लावणी करायची. लुगड्याचा काष्टा, पोटऱ्यांपर्यंत चिखल. पण कागदावर नुसती 'कष्टाळू माउली' उतरते. घराण्याचा मान त्यात कसा यावा?

बांधावरची: 'माउली' आधी काढ. तिला काय येत होतं ते लिही. भरतीचं खारं पाणी मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाणदाराच्या, फळ्यांनी अडतं, बांधाला भगदाड पडलं तर अख्खं पीक जातं, कोरगुट हा भाताचा वाण खारटपणा सोसतो. हे सगळं तिला पाठ असणार. हाच तर वारसा! माझी आई रोपाची मूठ अंगठ्याने फोडायची, नजर मात्र बांधावर. असं काहीतरी दाखव.

जुना कूळ: जमीन कोणाची होती, तेही येऊ दे. गोव्याच्या १९६४च्या कूळ कायद्याला १९७६मध्ये पाचवी दुरुस्ती झाली आणि कसणाऱ्याला मालकीची वाट मिळाली. त्याआधीचा घाम भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, शेतातला. तो गाळून मान कसला द्यायचा?

दिवाडकर: आम्हीही कूळच. आजी खंडाचं भात कुडवाच्या मापाने मोजायची, आणि चवथीला नव्याची कणसं दाराला स्वतः बांधायची. कुडवापासूनच सुरुवात करतो.

बांधावरची: कर. आणि लिहून झाली की आधी घरात वाचून दाखव.