मदत हवी आहे : 'आज जमणार नाही' हे कसं सांगता?

नमस्कार ताई-दादांनो. मी नऊ वर्षं आशा स्वयंसेविका आहे. साधारण १००० लोकवस्तीमागे एक आशा असं धोरण, पण माझ्याकडे दोन वाड्या धरून बरेच जास्त लोक आहेत. दवाखान्यात बाळंतपण झालं की ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी जाऊन बाळाचं वजन, ताप, अंगावर पिणं बघायचं. हे काम मला मनापासून आवडतं, ते सोडायचं नाही. पण त्यावर सर्वेक्षणं, ऑनलाइन नोंदी, आणि रात्री अकराला मेसेज, 'सकाळी आकडे पाठवा'.

दोन महिने झाले, पहाटे तीनला जाग येते ती येतेच. फोन वाजला की छातीत धडधडतं. परवा एका पहिलटकरणीनं तेच दुसऱ्यांदा विचारलं आणि मी तिच्यावर खेकसले. घाबरलेली पोर ती. घरी येऊन खूप रडले.

हिमोग्लोबिन, थायरॉईड ठीक आहे. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन केला, तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मर्यादा आखा म्हणाल्या. माझं तिथंच अडतंय. आमचा बराचसा मोबदला कामागणिक, नाही म्हटलं की पैसेही जातात.

तुमच्यापैकी कुणी आपल्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताईंशी हे बोललंय का, कोणत्या शब्दांत? (त्यांच्यावरही वरून दबाव असतो, त्यांना दुखवायचं नाही.) आणि रात्री फोन बंद ठेवता का? माझा हात धजत नाही. कळा सुरू झालेल्या बाईचा फोन आला तर?