समुद्राकाठचा पहिला डोंगर : तुमचा अनुभव सांगा

वडगावकरीण
काल संध्याकाळी बेळगावच्या सीबीटी बसस्टँडला कारवारच्या गाडीजवळ बायकांचा एक घोळका उभा होता. सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. पायात नवेकोरे बूट, हातात आधार कार्डं, एकीच्या पिशवीतून भाकरीचं गाठोडं डोकावत होतं. कंडक्टरला विचारत होत्या, माजाळीला जायला कुठं उतरायचं म्हणून. माजाळी ऐकलं आणि मला आई आठवली.

आईला माजाळीजवळच्या तिळमाती किनाऱ्याला नेलं होतं, तिचे गुडघे बरे होते तेव्हा. आमच्या घरात डोंगर म्हणजे राजहंसगड, नाहीतर देवरवाडीचा वैजनाथ. समुद्र म्हणजे गोव्याला कुणाचं लग्न असलं की गाडीच्या खिडकीतून बघायचा. डोंगर चढून समुद्र बघायचा असतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

माजाळीच्या वाळूवरून उत्तरेकडं चालत सुटलो. डाव्या हाताला पाणी, उजवीकडं होड्या आणि वाळत घातलेली जाळी. किनारा संपतो तिथं खडक लागतात आणि टेकडीवर पायवाट चढते. चढ असा नाहीच, अर्ध्या तासाच्या आत माथा. पण शेवटच्या वळणापर्यंत पलीकडचं काही दिसत नाही. मग एकदम खाली दोन खडकांच्या मधे तिळासारखी काळी वाळू, आणि समोर गोव्याच्या हद्दीपर्यंत पाणीच पाणी. आई पदर खोचून उभी राहिली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "एवढा मोठा हाय होय गं हा?" साठ वर्षांची बाई. समुद्र तिनं वरून कधी बघितलाच नव्हता.

ज्यानं कधीच डोंगर चढला नाही त्याला पहिला डोंगर समुद्राकाठचा दाखवावा, असं माझं ठाम मत आहे. चढ छोटा, वारा कायम अंगावर, आणि माणूस दमायच्या आत पाणी दिसतं. सह्याद्रीतल्या मोठ्या गडांवर नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी नेतात, तो परत कधी येत नाही. कारवार, माजाळी, गोकर्ण, कुठलंही चालेल. आपापलं लिहा.

चंदगडी
कारवारजवळचा सदाशिवगड. शाळेची सहल. काळी नदी समुद्राला मिळते तिथंच टेकडी आहे, हायवे तिच्या पोटातनं जातो. वर दुर्गादेवीचं देऊळ. देवळाच्या मागं बुरुजाच्या बाजूला गेलात की एका नजरेत नदी, पूल, समुद्र, बेटं सगळं. आमचे गुर्जी म्हणाले, बघा पोरांनो, गोडं पाणी कुठं संपतंय ते शोधा. अर्धा तास पोरं भांडत होती पाण्याच्या रंगावरून. आमच्याकडं पारगड, कलानंदीगड, महिपाळगड आहेत, पण पाण्यात पाय घालून बसलेला गड तेव्हाच पहिल्यांदा बघितला.

खानापूर_लोकल
काळी नदीवरचा त्यातला जुना पूल आता नाही. ७ ऑगस्ट २०२४ ला रात्री पडला. एक ट्रक पाण्यात गेला होता, ड्रायव्हरला वाचवलं मच्छीमारांनी आणि पोलिसांनी.

चंदगडी
होय, बातमी बघितली तेव्हा पोटात गोळा आला. आमची सहलीची बस त्याच पुलावरनं गेलेली.

घरचा_डबा
तै, आईचं वाचून डोळ्यात पाणी आलं. आता कशा आहेत?

वडगावकरीण
बऱ्या आहेत. जिना चढत नाहीत आता, पण कारवारचा विषय काढला की सगळं सांगतात, कुठल्या दगडावर बसलो ते पण.

शहापूरचे_काका
मूळचा मी मालवणकडचा, नोकरीनं शहापुरात आलो आणि इथलाच झालो. नवख्यांनी समुद्राकाठी जायचं तर आधी पंचांग बघावं. आमच्याकडं जुना हिशोब आहे : तिथीचा पाऊणपट करायचा, तेवढे वाजता भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचा पाऊणपट, म्हणजे सव्वाअकराच्या आसपास भरती. अष्टमीला सहाला. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. भरती रोज पाऊण तासानं पुढं सरकते, म्हणून हे जमतं. जागेप्रमाणं थोडं मागंपुढं होतं, पण अंदाज चुकत नाही. मुंबईइतकी उंच भरती कारवारला येत नाही हे खरं, तरी खडकावरून वळसा घालून जायची वाट पाण्याखाली जायला तेवढी पुरते. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे जोर जास्त.

सकाळी चालायचं असेल तर चतुर्थी-पंचमी धरा. नऊ-दहाला ओहोटी मिळते, खडक उघडे असतात, ऊन तापायच्या आत परत.

घरचा_डबा
काका हे लिहून ठेवलं वहीत. पण चतुर्थी म्हणजे संकष्टी की. ओहोटी आणि उपास एकाच दिवशी??

शहापूरचे_काका
मग विनायकीला जा.

मार्कंडेय_काठ
कारवारला जाऊन उपास 😂 तिथल्या खानावळीतल्या बांगड्यानं काय पाप केलंय

घरचा_डबा
आमच्या घरात दोन्ही चतुर्थ्या पाळतात हो. पंचमीच धरते.

मार्कंडेय_काठ
पंचमी बेस्ट. दहाला खाली, एकला ताटावर. तिसऱ्या (शिंपल्या) मिळाल्या तर सोडू नका. आमच्या सासुरवाडीत तिसऱ्यांचं सुकं करतात, ओलं खोबरं भरपूर, आणि त्याला भाकरी नाही, भातच लागतो. ह्यावर वेगळं कुणीतरी लिहा.

नेमकं_बोलतो
गोकर्ण. बाबांचं कार्य करायला गेलो होतो. कोटितीर्थावर सगळं आटपलं, नातेवाईक जेवून झोपले, मला काही झोप येईना. चालत निघालो. कुडले बीचवरून टेकडी चढली, तांबडी वाट, काजूची झाडं, मग खाली ओम बीच. जांभ्याच्या त्या पठारावर बसलो आणि तिथं रडलो. तोवर रडलो नव्हतो. एक म्हातारा शेळ्या घेऊन चालला होता. त्यानं काही विचारलं नाही. पाण्याची बाटली पुढं केली आणि शेजारी बसून राहिला.
नंतर मित्रांबरोबर तीच वाट पुढं हाफ मून, पॅरडाइजपर्यंत केली. चांगली वाट आहे, पहिल्यांदा जाणाऱ्याला जमते. चढ-उतार लहान लहान, प्रत्येक उताराला नवीन किनारा. फक्त हाफ मूनच्या पुढं काही ठिकाणी कड्याच्या कडेनं जावं लागतं, तिथं गप्पा मारत चालू नका.

वडगावकरीण
दादा, काय लिहू कळत नाही. त्या म्हाताऱ्याला नमस्कार.

शहापूरचे_काका
वडील गेले की माणूस एकदम मोठा होतो. सांभाळा.

नेमकं_बोलतो
🙏

कन्नडमराठीकोकणी
माजाळीत रस्ता विचारला मी कन्नडात, त्या माणसानं उत्तर दिलं कोकणीत आणि त्याच्या बायकोनं मराठीत सांगितलं की तो काय म्हणतोय. त्यांची रापण चालली होती. दोन्हीकडनं दोर धरून सगळं गाव ओढत होतं. मी आणि माझा भाऊ पण लागलो दोराला. हाताची सालं निघाली, पण जाळं वर आलं तेव्हा जी फडफड बघितली ती अजून डोळ्यासमोर आहे. ओढायला हात लावला म्हणून आम्हाला पण वाटा दिला, मूठभर तारल्या. नको म्हटलं तर ऐकेनात. टेकडीकडं निघालो तसं मागनं ओरडले, "बेगीन वचात, भरती येता!" काकांचा हिशोब त्यांना तोंडपाठ.

खानापूर_लोकल
रस्त्याचं कुणीच लिहिलं नाही. खानापूर-लोंढा-रामनगर-जोयडा-अणशी-कद्रा करून कारवार हा सगळ्यात देखणा रस्ता. पण काळी व्याघ्र प्रकल्पातनं जातोय, त्यामुळं अंधार पडायच्या आत जंगल ओलांडायचं. पावसाळ्यात अणशी घाटात दरडी येतात, आधी चौकशी करून निघा. दुसरा अनमोड घाटानं गोव्यात उतरून मडगाव, काणकोण, पोळे. पोळ्याचा नाका ओलांडला की माजाळी आलीच. रेल्वेवाल्यांनी मडगावला गाडी बदलून असनोटीला उतरावं, पॅसेंजर थांबते.

पहिलटकर
मला सॅक कुठली घ्यायची कळेना. आणि बूट. दोन हजाराच्या आत. कॅम्पात मिळतील काय?

चंदगडी
एवढ्याशा टेकडीला दोन हजार कशाला घालूलास. तळाला नक्षी असलेले कुठलेही कापडी बूट चालतात. चप्पल नको, उतरताना घसाऱ्यावर पाय निसटतो. जांभ्याचे बारके खडे असतात ना, चढताना काही वाटत नाही, उतरताना सगळी मजा. तिरकं उतर, टाचा रोवून.

पहिलटकर
थँक्स दादा. मी कधीच कुठं चढलो नाही. वजन नव्वद आहे. जमेल?

चंदगडी
दोन-तीन रविवार सकाळी राजहंसगडावर जाऊन ये. डांबरी रस्ता सोडून पायवाटेनं. तो जमला की सदाशिवगड सहज. मी येतो सोबत, येळ्ळूरच्या फाट्यावर भेट.

पाणी_जास्त_घ्या
माझं एकच सांगणं, माणशी दोन लिटर पाणी. आपल्या बेळगावच्या हवेत वाढलेल्या माणसाला किनाऱ्यावरचा दमटपणा कळत नाही. घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळं अंग थंडच होत नाही. डोकं जड झालं, मळमळ सुरू झाली की सावलीत बसा, मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी घोट घोट घ्या. तिळमातीच्या काळ्या वाळूवर दुपारी अनवाणी पाय टाकून बघू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगले महिने. मे महिन्यात मुलांना सुट्टी असते म्हणून नेतात, त्यापेक्षा दिवाळीच्या सुट्टीत न्या.

आणि जून ते सप्टेंबर खडकांवर शेवाळ असतं, समुद्र खवळलेला. जून-जुलै तर मच्छीमारांच्या यांत्रिक बोटीसुद्धा बंद असतात, मग आपण कशाला.

दोन_पोरांची_आई
घाईत लिहूलेय, कुकर लावलाय. आमचा धाकटा सहा वर्षांचा, सदाशिवगडावर नेला. चढताना "उचलून घे" एवढंच चाललेलं. वर गेल्यावर यांनी सांगितलं लांब पाण्यात बघ, डॉल्फिन. मला वाटलं पोराला गप्प करायला सांगतायत. तर खरंच!! काळी पाठ वर येते, बुडते, परत वर. पोरगं जे खिळून उभं राहिलं. उतरताना स्वतः चालत आलं आणि वाटेतल्या प्रत्येक माणसाला सांगत होतं. आता त्याला समुद्राचा डॉक्टर व्हायचंय

दोन_पोरांची_आई
शिट्ट्या किती झाल्या विसरले

घरचा_डबा
😂😂 डाळ असेल तर अजून एक होऊ दे

गरुड_बघणारा
डॉल्फिन दिसतात तिथं, होय. कूर्मगड बेट आणि दीपगृहाच्या बेटाच्या बाजूला नजर ठेवावी. शिवाय पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड, तो त्या किनाऱ्याचा खरा राजा. उंच झाडावर मोठं घरटं करतो आणि वर्षानुवर्षं तेच वापरतो. घरट्याखाली जाऊन आरडाओरडा, ड्रोन असलं काही करू नका. थंडीच्या दिवसांत वाळूवर काठ्या आणि जाळी लावून कुंपण केलेलं दिसलं तर ती कासवांची अंडी आहेत, ऑलिव्ह रिडलेची. वन खातं आणि गावातली माणसं राखण करतात. लांबनं बघा, मुलांना दाखवा. ह्या गोष्टी माणसाला डोंगरापेक्षा जास्त दिवस लक्षात राहतात.

मार्कंडेय_काठ
कूर्मगडाला पौष पौर्णिमेला नरसिंहाची जत्रा असते, होडीनं जातात. आमची आत्या नवस फेडायला जाते. केळी देतात देवाला.

उचगावचा
वर्ष आठवत नाही. सदाशिवगडावरनं सूर्य बुडताना बघितला आणि बायकोला (तेव्हा बायको नव्हती) लग्नाचं विचारलं. ती म्हणाली, आधी खाली उतरूया, अंधार पडतोय. खाली चहाच्या टपरीवर हो म्हणाली.

वडगावकरीण
वैनी हुशार आहेत!

पाणी_जास्त_घ्या
वहिनींचं सगळ्यांनी ऐका. सूर्यास्त बघायचा तर बॅटरी जवळ हवी. मोबाईलचा उजेड उतरताना पुरत नाही, आणि एक हात अडकतो.

पहिलटकर
चंदगडी दादा, ह्या रविवारी सकाळी सहा चालेल काय? आई पण येतो म्हणतेय. तिला वरचं महादेवाचं देऊळ बघायचंय.

चंदगडी
चालेल की. काकूंना सांग, भाकरी आणू नका, आमच्या घरची आणतो. शेंगाची चटणी पण.

घरचा_डबा
वडगावकरीण तै, सीबीटीवरच्या त्या बायका कुठल्या होत्या, विचारलंत काय? आमच्या भिशीतल्या सगळ्यांना हे वाचून दाखवलं. सहा जणी तयार झाल्यात. शक्ती योजनेमुळं (कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट) तिकिटाचा प्रश्नच नाही, फक्त आधार कार्ड आणि घरच्यांची परवानगी.

वडगावकरीण
कंग्राळीच्या होत्या. पहाटेची गाडी धरा, म्हणजे त्याच दिवशी परत येता येईल असं समजू नका, एक मुक्काम धराच. मी पण येते. आईला घेऊन येते, ती माजाळीच्या वाळूत सावलीला बसेल, आपण वर जाऊन येऊ.

शहापूरचे_काका
पुढच्या महिन्यातली पंचमी बघून सांगतो, थांबा. पंचांग बायकोच्या देवघरात आहे.

मार्कंडेय_काठ
तिसऱ्या विसरू नका