दोऱ्या आणि वाळूची पोती

अमेरिकन वैमानिक युजीन एली नौदलात नव्हताच, मग नौदलाच्या विमानविद्येत त्याचं एवढं कौतुक का, असा प्रश्न पडतो. नव्हताच तो, साधा सिव्हिलियन. पण १८ जानेवारी १९११ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत 'पेनसिल्व्हेनिया' युद्धनौकेवर त्याने विमान उतरवलं, आणि जहाजावर विमान उतरवणारा तो पहिलाच. सुमारे १२० फुटांचा लाकडी फलाट, त्यावर आडव्या दोऱ्या, दोऱ्यांच्या टोकांना वाळूची पोती. विमानाखालचे आकडे दोऱ्यांत अडकले, पोती फरफटत आली, वेग मेला. विमानवाहू नौकांवर आजही हेच तत्त्व, फक्त दोरीच्या जागी पोलादी तार.

आणि गड्याला पोहता येत नव्हतं! अंगाभोवती सायकलच्या ट्यूब गुंडाळून उडाला. (आमच्या कोकणकिनाऱ्यावरच्या देवबागात असल्याला कोणी होडीत घेतला नसता.) पुढे त्याच वर्षी, पंचविशी दोन दिवसांवर असताना, अमेरिकेतल्याच मेकनला विमान कोसळून गेला. पुरलाय आयोवा राज्यात, समुद्रापासून कोसो दूर.

४ डिसेंबर २०२३ ला तारकर्लीत नौदल दिनाला मिग-२९के हे लढाऊ विमान डोक्यावरून गेलं, तेव्हा शेजारच्या आजोबांनी विचारलं, "ह्यां बोटीर कसां उतरता रे?" मी पोत्यांची गोष्ट सांगितली. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं. आजोबा म्हणाले, "म्हणजे रापणच की!"