हॉस्टेलमध्ये एकट्याने राहिलं तर ओळखी होतात का खरंच? (हंपी-गोकर्ण, बजेट कमी)

सातरस्ता_२४
नमस्कार मंडळी. मी सोलापूरचाच, युनिफॉर्मच्या कारखान्यात हिशोब बघतो, त्यामुळे मार्चपासून शाळा सुरू होईपर्यंत डोकं वर काढायला मिळत नाही आणि मला वेळ असतो तेव्हा नेमकी मित्रांना सुट्टी नसते. दरवर्षी ग्रुपवर "यंदा जायचंच बे" असं ठरतं, मग एकाचं लग्न, एकाचा गाडीचा हप्ता, एकाची आई नको म्हणते, असं करत प्लॅन बोंबलतो. म्हणून यंदा दिवाळी झाली की एकटाच निघतोय. आधी हंपी, तिथनं गोकर्ण.

आता हॉटेलची रूम एकट्याला परवडत नाही म्हणून प्रवाशांच्या हॉस्टेलचा डॉर्म बघितला, म्हणजे एका खोलीत अनोळखी लोकांबरोबर एकेक बेड, तो स्वस्त आहे. पण रीलमध्ये बघावं तर पहिल्याच रात्री सगळे गिटार घेऊन गोल करून बसलेले, सगळे इंग्लिशमध्ये फाडफाड बोलतायत. मी मराठी मीडियमचा, कळतं सगळं पण बोलताना अडखळतो, आणि मुळात स्वभावच असा की कुणी बोललं तर बोलणार. तर खरं सांगा, असल्या ठिकाणी आपल्यासारख्याशी कोण बोलतं का, का कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसायचं? सुरुवात कशी करायची? आणि तिथल्या कॅफेत बसलं तरच ओळखी होतात म्हणे, पण कॉफीचे दर बघून घाम फुटला.

फिरस्ता_होटगीरोड
अरे बिनधास्त जा. पहिलं म्हणजे ते गिटारवालं डोक्यातनं काढ, तसलं रोज काय नसतं. बहुतेक ठिकाणी संध्याकाळी चार जण फोन चार्जिंगला लावून बसलेले असतात आणि प्रत्येकाला वाटत असतं की दुसऱ्याने आधी बोलावं.

माझं स्पष्ट मत सांगतो, बोलायला जमतं का नाही यापेक्षा तू तिथे किती रात्री राहतोस याने फरक पडतो. लोक काय करतात, एक रात्र हंपी, एक रात्र बदामी, एक रात्र गोकर्ण, आणि मग म्हणतात ओळखी झाल्या नाहीत. कशा होणार? पहिल्या दिवशी तू नवखा, दुसऱ्या दिवशी तोंडओळख, तिसऱ्या दिवशी कुणीतरी आपणहून विचारतं की आज कुठे चाललायस. एका ठिकाणी तीन रात्री तरी काढ, एखादं गाव कमी झालं तरी चालेल, पैसेपण वाचतात.

दुसरं, शुक्रवार-शनिवार टाळ. वीकेंडला बंगळुरूहून आठ-दहा जणांची टोळी येते, त्यांचं आपापसात भारी चाललेलं असतं, त्यांची चूक नाही पण एकट्या माणसाला त्यात शिरायला जागा नसते. रविवारी दुपारी हे सगळे निघून जातात आणि मागे उरतात ते एकेकटे आलेले. म्हणून रविवारी पोच. बेडचा रेटपण उतरलेला असतो.

हॉस्टेल निवडताना फोटोतल्या भिंतीवरची चित्रं बघू नको, रिव्ह्यू वाच. पाहुण्यांना वापरायला किचन आहे का, बसायला कॉमन जागा आहे का, एकटे आलेले लोक काय लिहितात. डॉर्म सहा किंवा आठ बेडचा घे. चारचा घेतलास आणि बाकीचे तिघे एकमेकांचे मित्र निघाले की संपलं.

आता हंपीचं. नदीपलीकडे विरुपापूर गड्डे म्हणून जागा होती, पाठीवर बॅग टाकून स्वस्तात फिरणारे सगळे बॅकपॅकर तिथेच राहायचे, पण २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर तिथली गेस्टहाऊस पाडली. जुन्या ब्लॉगवर अजून तिथलेच पत्ते आहेत, फसू नको. आता नदीपलीकडची हॉस्टेलं जास्त करून सणापूर, आनेगुंदी बाजूला आहेत. तिथनं देवळांकडे यायचं तर नाव तरी धरायची नाहीतर रस्त्याने लांबचा वळसा, आणि संध्याकाळी नाव बंद होते. म्हणजे रिक्षा नाहीतर स्कूटी आलीच आणि एकट्याला ती महाग पडते. मग सकाळी चहाच्या वेळी मोठ्याने विचारायचं, "विठ्ठल मंदिराकडे कोण चाललंय का, रिक्षा शेअर करू." झाली सुरुवात, याला कसलं इंग्लिश लागतंय. त्या विठ्ठल मंदिराच्या तिकिटावर त्याच दिवशी लोटस महालाचा भागपण बघता येतो, त्यामुळे ज्याच्याबरोबर सकाळी रिक्षात बसलास त्याच्याबरोबर आपोआप अख्खा दिवस जातो.

आणि भाषेचं म्हणशील तर तू सोलापूरचा आहेस! घरी मराठी, गल्लीत कन्नड, पूर्व भागात तेलुगू, बाजारात दखनी, हे आपल्याला जन्मापासून फुकट मिळालंय. हंपीत नाववाल्याशी, मेसवाल्या अक्कांशी कन्नडमध्ये बोलणारा तूच एकटा असशील डॉर्ममध्ये. फाडफाड इंग्लिशवाले तुझ्या मागे मागे येतील बघ.

पार्कचौक_कट्टा
एवढं गोड चित्र नाहीये हो. निम्मे लोक लॅपटॉप उघडून मीटिंगमध्ये असतात, हेडफोन कानात. उरलेले इन्स्टा आयडी घेतात, स्टोरीला टॅग करतात आणि चेकआऊट झाला की तुम कौन. मैत्री वगैरे मोठं नाव देऊ नका, दोन दिवसांची सोबत म्हणा. ती मिळते, नाही म्हणत नाही.

अक्का_अशोकचौक
@पार्कचौक दादा, दोन दिवसांची सोबतपण काय कमी आहे का? मला त्यातनंच एक पक्की मैत्रीण मिळालीय, आता सोलापूरला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला आमच्या घरी येते. असो.

@सातरस्ता, तुला जरा वेगळ्या बाजूचं सांगते. मी एकटी फिरते, शक्यतो फीमेल डॉर्ममध्येच राहते, आणि बुकिंगच्या आधी बायकांनी लिहिलेले रिव्ह्यू शोधून वाचते. तर मिक्स डॉर्ममध्ये किंवा कॉमन रूममध्ये मुलगी दिसली की पहिला प्रश्न "एकटीच आलीस का?" हा विचारू नको. तू सहज विचारत असशील रे, पण आम्हाला तो प्रश्न दिवसातनं दहा वेळा येतो आणि दर वेळी पोटात गोळा येतो. त्यापेक्षा "आज काय बघितलं, चांगलं होतं का" विचार. बेड नंबर, पुढचा मुक्काम कुठे, हे विचारायचं नाही. आणि पहिल्याच संध्याकाळी इन्स्टा मागायचं नाही, गप्पा झाल्या तर समोरची स्वतः देते.

डॉर्ममध्ये शिस्त ठेव, ती ठेवलीस की लोक आपसूक चांगलं बोलतात. रात्री अकरानंतर मोठा लाईट लावायचा नाही, पहाटे मातंग टेकडीवर सूर्योदय बघायला जायचं तर बॅग रात्रीच भरून ठेवायची, चारला उठून प्लास्टिकच्या पिशव्या खुडखुड वाजवणाऱ्याला अख्खा डॉर्म शिव्या घालतो. अलार्म पहिल्या रिंगला बंद कर. ओला टॉवेल खालच्याच्या बेडवर लोंबू देऊ नको.

जुना_रकसॅक
तुमचं सगळं वाचून मजा वाटली. आमच्या वेळी हॉस्टेल म्हटलं की यूथ हॉस्टेल असोसिएशन, म्हणजे वायएचएआय. सोलापुरातनं आम्ही पोरं हिमालयात ट्रेकला जायचो, सर पासचा बेस कॅम्प कसोलला. देशभरातनं आलेली अनोळखी माणसं एका तंबूत, संध्याकाळी कॅम्पफायर, झोपायच्या आधी मगात गरम बोर्नव्हिटा. कुणाला गाणं येत नसलं तरी म्हणायला लावायचे. लाजायला सवडच नसायची.

ही सगळी कल्पना एका शाळामास्तराची आहे बरं का. जर्मनीत रिचर्ड शिरमान म्हणून शिक्षक होते, १९०९ साली पोरांना घेऊन पायी सहलीला निघाले आणि वादळी पावसात अडकले, रात्र एका गावातल्या शाळेत काढली. सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, तिथे पोरांची सोय का करू नये, हे तिथे डोक्यात आलं. पुढे १९१२ मध्ये आल्टेना गावच्या किल्ल्यात पहिलं कायमचं यूथ हॉस्टेल सुरू झालं. जुन्या यूथ हॉस्टेलांत पाहुण्यांनी झाडलोट करायची, भांडी घासायची अशी पद्धत होती. आता पैसे दिले की सगळं आयतं मिळतं, म्हणून मग ओळख कशी करायची हा प्रश्न पडतो. बाळा, तू जाशील तिथे कामाला हात लाव. भांडी घासताना शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी बोलायला विषय शोधावा लागत नाही.

फिरस्ता_होटगीरोड
काका एकदम बरोबर. मी सणापूरला होतो तेव्हा सगळ्यांनी मिळून खिचडी करायचं ठरलं, दहाएक जण होतो. कुकरची दुसरी शिट्टी झाली आणि गॅस संपला. मालक गावाला गेलेला, सिलेंडर कुणाकडे माहीत नाही. मग बेळगावचा एक पोरगा आणि मी टॉर्च घेऊन गावात, कन्नडमध्ये हातापाया पडून एका घरातनं शेगडी आणली. मणिपूरची एक मुलगी तोवर अर्धा कच्चा भात आणि डाळ वेगळी करता येते का बघत बसलेली. जेवायला साडेअकरा झाले. खिचडी खाली लागलेली, वर पाणी सुटलेलं, पण त्या रात्रीचा व्हॉट्सअॅप ग्रुप अजून चालू आहे, बाकीचे ग्रुप कधीच मेले.

सातरस्ता_२४
बापरे एवढे रिप्लाय! आभार सगळ्यांचे. अक्का, तुमचा मुद्दा खरंच डोक्यात नव्हता आला, मी नेमकं तेच विचारलं असतं. रविवारी पोचायचं नक्की केलं. आईने शेंगा चटणी आणि कडक भाकरी बांधून द्यायचं ठरवलंय, न्यावी का? डॉर्ममध्ये लसणाचा वास सुटेल असं वाटतंय. आणि गोकर्णला पण असंच जमेल का?

अक्का_अशोकचौक
ने म्हणजे काय, दुप्पट ने! फक्त चटणी डॉर्ममध्ये उघडू नको, किचनमध्ये उघड. दोन प्रकारे बांध, एक तिखट आणि एक बेताची. दही आण, त्यात चटणी कालव, भाकरी मोडून मधे ठेव आणि बाजूला हो. माझ्या डब्यात एका केरळच्या पोराने बोट घातलं ते डबा पुसूनच काढलं. तुझे कॅफेचे पैसेपण वाचतील, कडक भाकरी काय आठवडाभर हलत नाही.

फिरस्ता_होटगीरोड
गोकर्णला अजून सोपं आहे. कुडले बीचवरनं ओम, तिथनं हाफ मून आणि पॅराडाईज अशी कड्याकडेने पायवाट आहे, एकट्याने जाऊ नये अशी, त्यामुळे सकाळी कुणीतरी सोबत शोधतच असतं. पाणी बरोबर घे, आणि समुद्राला ओढ आहे, पोहायला येतं म्हणून लांब जाऊ नको. हंपीजवळच्या हॉस्पेटहून आधी ट्रेनने हुबळी गाठ, पुढे येल्लापूर-अंकोला मार्गे बसने गोकर्ण.

बाकी ओरिजिनल आधार जवळ ठेव, पॅनवर पत्ता नसतो म्हणून बरीच हॉस्टेलं ते चालवून घेत नाहीत. आणि आपल्याच गावचा पत्ता असला की काही ठिकाणी बेड देत नाहीत, तुला तिकडे प्रॉब्लेम नाही पण पुढे कधी सोलापुरात हॉस्टेल निघालं तर तुला घरीच झोपावं लागेल 😄

पार्कचौक_कट्टा
लॉकरला कुलूप घरनं ने रे, तिथे विकत देतात ते दुप्पट भावात. नवी पेठेत घे, बारीक दांडीचं, जाड दांडी लॉकरच्या कडीत जात नाही. आणि चटणी उरली तर परत आणू नको, इकडे आण माझ्याकडे.