नॅनो चांदी आणि सोयाबीनच्या गाठी

भाऊ, तुम्ही म्हणता की नॅनो चांदीचं, म्हणजे चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचं, बुरशीचं औषध फवारायला एवढंसं लागतं, मग जमिनीचं काय बिघडणार? मला हे पटत नाही. चांदीचे कण जंतू मारतात म्हणूनच ते औषधात घालतात. कणांतून सुटणाऱ्या आयनांना (चांदीच्या विद्युतभारित अणूंना) करप्याची बुरशी कोणती आणि आपल्या उपयोगाचे जिवाणू कोणते, हे कळत नाही. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू तर चांदीपुढे फार नाजूक.

अमेरिकेत 2012 मध्ये सोयाबीनवरच प्रयोग झाला होता. चांदी नव्हे, पण सेरियम ऑक्साइड या दुसऱ्या धातूच्या संयुगाचे नॅनोकण जास्त मात्रेत मातीत मिसळले, तेव्हा मुळांवरच्या गाठींचं हवेतलं नत्र धरणं जवळजवळ थांबलं. झिंक ऑक्साइड घातलं तिथं जस्त पार दाण्यापर्यंत पोचलं. त्या मात्रा फवारणीपेक्षा बऱ्याच मोठ्या होत्या, हेही खरं. आपल्या काळ्या मातीत चिकणमाती आणि चुना भरपूर, त्यामुळे बरेचसे कण धरले जातात, जोर कमी होतो. पण धातू युरियासारखा उडून किंवा वाहून जात नाही, दरवर्षी साचतो. (नॅनो युरिया यात धरू नका, त्यात धातू नाही.)

फुलोऱ्यात एक झाड मुळासकट हलकेच उपटा, गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लाल दिसली तर काम चालू आहे; हिरवट किंवा राखाडी असेल तर नाही. फवारलेल्या आणि न फवारलेल्या ओळीतली झाडं शेजारी ठेवून पाहा. आणि रायझोबियम (गाठी करणारे जिवाणू) लावलेल्या बियाण्याला चांदी किंवा तांब्याचं औषध मुळीच चोळू नका.