मदत हवी आहे: स्वयंसेवक म्हणून परदेशी जाण्याआधीची तयारी

नमस्कार मंडळी, वर्षभरासाठी स्वयंसेवक म्हणून परदेशात चालले आहे. पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, ती झाली. (२०१६ पासून तिचं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, तेवढाच दिलासा!) पासपोर्टचंही मार्गी लागलंय.

घोडं अडलंय ते घरच्या व्यवहारांपाशी. बँकेचा ओटीपी इथल्याच नंबरवर येतो. मग रोमिंग चालू ठेवायचं की सिमकार्ड भावाकडे ठेवून जायचं? ओटीपी दुसऱ्याच्या हाती, मग तो भाऊ का असेना, मला तरी पटत नाही. मुखत्यारपत्र कुणी केलंय का? सर्वसाधारण की ठरावीक कामापुरतंच?

आणि थायरॉइडच्या गोळ्या वर्षभराच्या एकदम नेऊ देतात का? डॉक्टरांची चिठ्ठी पुरते? जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा.