‘हौसा’ नाव आत्ताच्या पोरीला ठेवावं का? अर्थ कुणाला माहितेय?

राजारामपुरीकर
नमस्कार मंडळी, पुढच्या रविवारी लेकीचं बारसं आहे. पुष्य नक्षत्र, भटजींनी ‘हो’ अक्षर काढून दिलंय आणि त्यावरनं एक धड नाव सापडंना. परवा शेताचा सातबारा शोधताना मिस्टरांच्या आजीचं नाव दिसलं, हौसाबाई. अक्षर बी जवळपास जुळतंय म्हणून मी म्हटलं हौसा ठेवूया, तर घरात दोन पार्ट्या पडल्यात. सासूबाई खूश, नणंद म्हणते पोरगी शाळेत गेली की रडत घरी येईल. नावाचा नेमका अर्थ काय आणि आलं कुठनं?

पेठेतला
लई भारी नाव ओ ताई, ठेवा बिनधास्त. आमच्या गल्लीत एक हौसाक्का होत्या, सगळी गल्ली टरकून असायची 😄

शब्दखोर
हौस म्हणजे आवड, उत्साह. मूळ अरबी ‘हवस’, फारसीतनं आपल्याकडं आला. हिंदीत तो वासनेकडं गेला आणि मराठीत मात्र लग्नाची हौस, दागिन्याची हौस असा गोड झाला. म्हणजे नाव अस्सल गावरान वाटतं पण शब्द संस्कृत नाही, पत्रिकावाल्यांना सांगू नका. हौसाक्का मधला ‘अक्का’ तर कानडी, थोरली बहीण. एका नावात अरबस्तान ते बेळगाव.
जुन्या बायकांच्या नावात घरातली हकीकत असायची. नवसानं झाली ती नवसाबाई. आधीची मुलं दगावली असतील तर मुद्दाम धोंडाबाई, केराबाई असलं काहीतरी, म्हणजे नजर लागू नये. आणि लागोपाठ मुलीच झाल्या की नकुशी. 2011 साली सातारा जिल्ह्यात अशा 285 मुलींची नावं एकदम बदलली होती, पेपरात आलं होतं. त्या सगळ्या यादीत हौसा हे नाव मला वेगळं वाटतं, कारण त्या काळात मुलगी झाली म्हणून कुणीतरी हौसेनं ठेवलेलं आहे. जोतिबाच्या यात्रेला हौशे नवशे गवशे म्हणतो ना, त्यातले हौशे आणि नवशे आपल्याकडं बायकांच्या नावात पण आहेत, गवसाबाई मात्र मी अजून ऐकली नाही.

पुण्यात_अडकलेला
अर्थ छान आहे पण प्रॅक्टिकल बोलू का, पुण्या-बेंगलोरला ऑफिसात हिंदीवाले पहिल्यांदा ऐकून हसणार. हौसला समजले तर ठीक, दुसरा शब्द आठवला तर पंचाईत.

शब्दखोर
हौसला हा वेगळाच शब्द आहे, त्याचा हवसशी संबंध नाही. पण समजू दे की तसं, फायद्याचंच आहे.

वाळव्याची_सून
हसणाऱ्यांना हौसाताई पाटील सांगायच्या. क्रांतिसिंह नाना पाटलांची लेक, 1926 चा जन्म, इंग्रजांविरुद्ध साताऱ्याकडं चालवलेल्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेत, म्हणजे त्याच्या लढाऊ दलात होत्या. पोलीस चौकीतली हत्यारं पळवायची होती तर ह्यांनी नवऱ्याकडनं मारहाण होतेय असं नाटक केलं, पोलीस सोडवायला बाहेर आले आणि तिकडं साथीदारांनी बंदुका उचलल्या. 2021 साली गेल्या. ह्यापेक्षा मोठी ओळख कुठल्या नावाला पाहिजे सांगा.
फक्त एक अडचण बघा. आमच्यात सासूचं, आजेसासूचं नाव तोंडानं घेत नाहीत, त्यामुळं पोरीला ठेवलं तरी सगळे तिला आक्का नाहीतर बाय म्हणणार आणि नाव नुसतं दाखल्यावर राहणार. शिवाय तिला रागवायचं कसं? “हौसे, गप बस” म्हटलं की सासूबाईंचं तोंड बघायला लागतंय.

पेठेतला
😂😂 हे मात्र खरं आहे

राजारामपुरीकर
हे तर डोक्यातच नव्हतं ओ. मिस्टर म्हणतात दाखल्यावर दुसरं काहीतरी घालू आणि घरात हौसा. पण मग उपयोग काय?

दाखलेवाला
घाई करू नका की. जन्माची नोंद 21 दिवसांत झाली म्हणजे झालं, नावाचा रकाना मोकळा ठेवता येतो आणि 12 महिन्यांच्या आत फी न भरता नाव घालता येतं. तोवर हाक मारून बघा. एकदा नाव घातलं की मात्र बदलायला गॅझेटच्या भानगडी, त्यापेक्षा घरातलं भांडण परवडलं.

राजारामपुरीकर
हे बेस्ट. कालपासनं मोठा पोरगा तिला हौशी म्हणायला लागलाय, नणंदेला अजून सांगितलं नाही.